काटा आणि तारामासा

मुलांनो, तुमच्या बोटात कधी काटा रुतला आहे का? नक्कीच रुतला असेल. काटा निघाला नाही तर काय होते, हेही तुम्हांला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी बोट लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकू लागते. मग तिथे पू होतो. मराठीत याला दाह म्हणतात. तुम्ही उर्दूत सोजिश म्हणता. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे : जळणे, आग होणे. माणसाने हजारो वर्षे ही आग पाहिली आणि सोसली. हा त्रास रोगामुळे होतो, असेच वैद्य आणि हकीम समजत आले. पण ही आग रोगाची नसून शरीराने शत्रूशी सुरू केलेल्या लढाईची आहे, हे एका माणसाने ओळखले. तो डॉक्टर नव्हता. तो समुद्रातल्या बारीकसारीक जीवांचा अभ्यास करणारा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव इल्या मेचनिकॉफ.

इल्याचा जन्म १८४५ साली मे महिन्यात झाला. त्याचे गाव खारकोव्ह शहराच्या परिसरात होते. तो प्रदेश तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेन देशात आहे. वडील सैन्यात अधिकारी होते. आई ज्यू घराण्यातली, हुशार आणि प्रेमळ बाई होती. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. लहानपणी तो एका जागी बसत नसे. पण झाडे, किडे आणि दगड यांच्याविषयी बोलायचे असले, की स्वारी गंभीर होई. भावांना आणि शेजारच्या लहान मुलांना समोर बसवून तो त्यांना वनस्पतींवर व्याख्याने देई!

खारकोव्हच्या विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला. पुढे जर्मनीत आणि इटलीत जाऊन त्याने समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास केला. विशीतच त्याचे लेख छापून येऊ लागले. १८७० साली तो काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात प्राध्यापक झाला. तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे फार छान वाटेल. पण मेचनिकॉफच्या घरात दुःख होते. त्याची पत्नी ल्युडमिला हिला क्षयरोग झाला होता. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती इतकी अशक्त होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तिला बरे वाटावे म्हणून मेचनिकॉफने काय केले नाही? अपुऱ्या पगारात जादा कामे केली. उबदार हवेच्या गावी तिला नेले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. १८७३ साली दूर मदेरा बेटावर ती वारली. मेचनिकॉफचे डोळेही त्या सुमारास दुखत होते. सूक्ष्मदर्शकातून पाहणे कठीण झाले होते. पत्नी गेली, काम थांबले, आणि त्या तरुण माणसाची जगण्याची इच्छाच संपली. त्याने जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला. हळूहळू तो पुन्हा कामाला लागला. दोन वर्षांनी त्याने ओल्गा नावाच्या तरुणीशी विवाह केला. ओल्गा चित्रे काढी, प्रयोगशाळेत पतीला मदत करी, आणि पुढे त्याचे चरित्रही तिनेच लिहिले. आज आपल्याला मेचनिकॉफविषयी जे माहीत आहे, त्यातले बरेचसे ओल्गामुळे.

१८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला. देशात धरपकड सुरू झाली. विद्यापीठात राजकारण शिरले. मेचनिकॉफला शांतपणे काम करता येईना. त्याने १८८२ साली राजीनामा दिला आणि ओल्गाला घेऊन तो इटलीतील सिसिली बेटावरच्या मेसिना या गावी गेला. ओल्गाचे आईवडील वारले होते. तिची लहान भावंडे आता या दोघांच्याच आधाराला होती, म्हणून तीही बरोबर होती. घर समुद्राच्या काठी होते. नोकरी नव्हती, विद्यार्थी नव्हते. दिवाणखान्यात एक सूक्ष्मदर्शक तेवढा होता.

आता त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यातल्या एका दिवसाची हकीकत ऐका. गावात सर्कस आली होती. सर्कशीत माकडांचे फार गमतीदार खेळ होते. ओल्गा आणि मुले खेळ पाहायला निघून गेली. मेचनिकॉफ एकटाच घरी राहिला.

तो सूक्ष्मदर्शकातून एक तारामाशाची अळी पाहत होता. तारामासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याचे शरीर पाच कोनांच्या चांदणीसारखे असते. त्याचे पिल्लू मात्र अगदी वेगळे दिसते. ते इवलेसे असते आणि काचेसारखे पारदर्शक असते. त्यामुळे त्याच्या पोटात काय चालले आहे, ते न कापता दिसते. मेचनिकॉफला आत काही पेशी दिसत होत्या. त्या एका जागी स्थिर नव्हत्या. त्या सावकाश सरपटत इकडून तिकडे फिरत होत्या. अशा पेशी त्याने पूर्वी अनेकदा पाहिल्या होत्या. काही साध्या प्राण्यांत अशा पेशी अन्नाचे कण गिळून पचवतात, हेही त्याला माहीत होते.

पण त्या दिवशी त्याच्या मनात एक नवा विचार चमकला. या पेशी अन्न गिळतात, तर त्या शरीरात घुसलेला शत्रूही गिळत असतील काय? फिरत्या पेशी म्हणजे शरीराची फौज तर नव्हे? या विचाराने तो इतका अस्वस्थ झाला, की खोलीत येरझारा घालू लागला. मग समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आला. त्याने स्वतःशीच ताडून पाहिले. आपले म्हणणे खरे असेल, तर तारामाशाच्या पिल्लाच्या अंगात काटा टोचला की या पेशी काट्याभोवती गोळा झाल्या पाहिजेत. माणसाच्या बोटात काटा रुतला की तिथे पू होतो, तसेच. आणि या पिल्लाला तर रक्तवाहिन्याही नाहीत, मज्जासंस्थाही नाही. तरीही पेशी आल्या, तर त्या स्वतःहूनच आल्या असे ठरेल.

घराला छोटी बाग होती. तिथल्या एका लहानशा संत्र्याच्या झाडाला मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून काही दिवसांपूर्वीच सजवले होते. मेचनिकॉफ बागेत गेला. त्याने गुलाबाचे दोन-चार काटे आणले आणि ते त्या पारदर्शक पिल्लांच्या कातडीखाली हलकेच खुपसले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहाटे उठून त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काट्याभोवती पेशींचा घोळका जमला होता! जणू चोर सापडावा आणि गल्लीतल्या माणसांनी त्याला घेरावे, तसा.

खर्च किती आला? काहीच नाही. उपकरण काय लागले? गुलाबाचा काटा. विज्ञानाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका मोठा प्रयोग क्वचितच सापडेल.

या पेशींना नाव काय द्यायचे? परत येताना मेचनिकॉफ व्हिएन्ना शहरात थांबला. तिथल्या प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने त्याला ग्रीक भाषेतले नाव सुचवले, फॅगोसाइट, म्हणजे खाणारी पेशी. मराठीत आपण भक्षक पेशी म्हणू. तुमच्या-माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी पुष्कळशा भक्षक पेशीच आहेत. पू म्हणजे तरी काय? लढाईत मेलेल्या या शिपायांचा तो ढीग असतो.

पण काटा म्हणजे रोगजंतू नव्हे. लोक विचारणारच, की या पेशी खऱ्या शत्रूला मारतात हे कशावरून? मेचनिकॉफने मग पाणपिसू हा तळ्यातला बारीक जीव घेतला. तोही पारदर्शक असतो. त्याला एका बुरशीचा रोग होतो. त्या बुरशीचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. ते आतड्याला भोक पाडून अंगात शिरतात. शिरताच भक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पेशी जिंकल्या तर पाणपिसू जगते. बुरशी जिंकली तर ते मरते. मेचनिकॉफने ही लढाई डोळ्यांनी पाहिली आणि १८८४ साली तिची हकीकत छापली. बागेतल्या काट्यापेक्षाही, मला वाटते, हा पुरावा अधिक भक्कम होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो काटाच!

आपले संशोधन घेऊन तो बर्लिनला कॉख या विख्यात शास्त्रज्ञाला भेटला. क्षयाचे जंतू ज्यांनी शोधले, तेच हे कॉख. त्यांनी त्याचे थंडपणे स्वागत केले आणि त्याचे म्हणणे मानले नाही. ओडेसातही सुख नव्हते. १८८६ साली तिथे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस देणारी संस्था निघाली होती आणि मेचनिकॉफ तिचा प्रमुख होता. पण तो डॉक्टर नाही, म्हणून गावातले डॉक्टर त्याच्याविरुद्ध बोलत. त्यातच मेंढ्यांवरच्या लशीचा एक प्रयोग फसला आणि पुष्कळ मेंढ्या दगावल्या. तो कंटाळून गेला. पॅरिसमध्ये मात्र वृद्ध लुई पाश्चरने त्याला मायेने जवळ केले आणि आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. १८८८ साली मेचनिकॉफ पॅरिसला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला.

येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. ओडेसात मेचनिकॉफचा एक विद्यार्थी होता, वॉल्डेमार हाफकिन. तो ज्यू असल्यामुळे रशियात त्याला पुढे वाव नव्हता. गुरूच्या मागोमाग तोही पॅरिसला आला. तिथे त्याला ग्रंथालयात साध्या मदतनिसाची नोकरी मिळाली. रिकाम्या वेळात प्रयोग करून त्याने पटकीवर लस शोधली आणि १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा तो मुंबईत दाखल झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या छोट्या खोलीत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. तेव्हा तरुण आगाखान यांनी सर्वांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिनच्या कामासाठी आपली जागा दिली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने आहे. तिथून जाणाऱ्या किती जणांना त्याच्या गुरूची आठवण होत असेल?

पॅरिसमध्ये मेचनिकॉफची खरी लढाई सुरू झाली. जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचे म्हणणे वेगळे होते. रोगजंतूंना पेशी मारत नाहीत, रक्तातला पातळ भाग मारतो, असे ते म्हणत. १८९० साली बेरिंग आणि जपानचा किटासाटो यांनी दाखवून दिले, की घटसर्प आणि धनुर्वात यांच्या विषाला नाहीसे करणारे पदार्थ रक्तात तयार होतात. आपण त्यांना प्रतिद्रव्ये म्हणतो. मग काय, दोन तट पडले. वीस-पंचवीस वर्षे वाद चालला. परिषदांमध्ये मेचनिकॉफ केस विस्कटलेले, चेहरा लाल झालेला, असा उभा राहून आपली बाजू मांडी. विरोधकांनी एक आक्षेप घेतला, की हा लगेच नव्या प्रयोगाला लागे. अखेर कळले, की दोन्ही बाजू बरोबर आहेत. प्रतिद्रव्ये जंतूला चिकटतात आणि भक्षक पेशींना तो गिळणे सोपे जाते. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एर्लिख या दोघांना विभागून मिळाले. एर्लिख हे त्या दुसऱ्या तटातले! त्याच डिसेंबरात मेसिना शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले.

या वादात मेचनिकॉफने मांडलेली एक गोष्ट फार मोलाची होती. १८९१ साली त्याने दाहाविषयी व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले. सूज हा रोग नव्हे, तो शरीराचा बचाव आहे, असे त्याने त्यात मांडले. पण हा बचाव नेहमीच नीट चालत नाही, हेही त्याला ठाऊक होते. फौज कधीकधी आपलेच घर जाळते.

एक प्रश्न मात्र त्याला सुटला नाही. ज्या पेशीने पूर्वी कधी काटा पाहिला नाही, जंतू पाहिला नाही, तिला तो परका आहे हे कळते कसे? याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन आणि त्यांचे सहकारी फळांवर बसणाऱ्या बारीक माश्यांवर प्रयोग करत होते. ज्या माश्यांमध्ये टोल नावाचा एक रेणू बिघडला होता, त्या बुरशीने मरत होत्या. १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांना उंदरांत तशाच प्रकारचा रेणू सापडला. काही जंतूंच्या आवरणात एक विषारी पदार्थ असतो, तो ओळखण्याचे काम हा रेणू करतो. या दोघांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याला माहीत आहे, की माणसाच्या पेशींवर आणि पेशींच्या आत असे दहा प्रकारचे टोल रेणू असतात. ते जणू दारावरचे पहारेकरी. जंतूंच्या अंगावरच्या काही ठरावीक खुणा त्यांना जन्मतःच ओळखता येतात. खूण दिसली, की ते आरोळी देतात आणि फौज जमा होते.

पहारेकरी चुकला तर? गाउट नावाचा संधिवात तुमच्या घरी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला असेल. त्यात युरिक आम्लाचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात जमतात. पायाचा अंगठा लालबुंद होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. तिथे एकही जंतू नसतो. भक्षक पेशी ते स्फटिक गिळतात, आणि पेशीच्या आतला एक पहारेकरी धोक्याची घंटा वाजवतो. हे स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले. पाहा, पुन्हा तोच काटा आणि तोच घोळका!

म्हणून आता शास्त्रज्ञ या पहारेकऱ्यांनाच थोडे शांत करता येईल का, ते पाहत आहेत. हे काम सोपे नाही. रक्तात जंतू पसरून सगळ्या शरीरात दाह होतो, त्या भयंकर आजारासाठी एका टोल रेणूचे दार बंद करणारे औषध तयार केले गेले. सुमारे दोन हजार रोग्यांवर त्याची चाचणी झाली. २०१३ साली निकाल आला : औषध दिलेले आणि न दिलेले, दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण जवळपास सारखेच होते. रोगी रुग्णालयात पोहोचतो तोवर आग सगळीकडे पसरलेली असते, पहिल्या पहारेकऱ्याचे तोंड दाबून मग काय उपयोग, असे काहींना वाटते. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे जुने, मलेरियावरचे औषध ल्यूपस या दाहाच्या रोगात कित्येक वर्षे उपयोगी पडत आले आहे. ते टोल रेणूंपैकी काहींना आवरते, हे मागाहून समजले. पहारेकऱ्याला पुरते झोपवले तर खरे चोर आत शिरतील, ही भीती आहेच. आग विझवायची, पण चूल पेटती ठेवायची, असे हे अवघड काम आहे.

उतारवयात मेचनिकॉफला म्हातारपणाचा विचार सतावू लागला. माणूस म्हातारा का होतो? त्याला वाटले, की मोठ्या आतड्यात अन्न कुजते आणि त्याचे विष अंगात भिनते. बल्गेरियातले शेतकरी दही खाऊन पुष्कळ जगतात, असे त्याने ऐकले होते. दह्यातले जंतू आतड्यातल्या वाईट जंतूंना हटवतात, असे तो सांगू लागला. स्वतः तो रोज आंबवलेले दूध पिई. १९०७ साली त्याने यावर पुस्तक लिहिले आणि युरोपात दह्याची एकच लाट आली. आपल्या घरी रोज विरजण लावणाऱ्या आईला याचे हसू येईल! त्याचे सगळेच म्हणणे काही खरे नव्हते. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हे त्याचे मत तर चुकीचेच होते. पण आतड्यातले काही जंतू आपले मित्र असतात, हा त्याचा विचार आज शास्त्रज्ञ पुन्हा गंभीरपणे अभ्यासत आहेत.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. पाश्चर संस्थेतले तरुण शास्त्रज्ञ सैन्यात गेले. प्रयोगशाळा ओस पडली. ज्या माणसाने जन्मभर माणसाचे आयुष्य वाढवण्याचा ध्यास घेतला, त्याला तोफांच्या तोंडी जाणारी तरुण मुले पाहावी लागली. तो खचला. त्याचे हृदय आधीपासूनच दुबळे होते. आजारपणातही तो आपल्या प्रकृतीत रोज काय बदल होतो, त्याची नोंद ठेवत असे. एखाद्या प्रयोगाची ठेवावी तशी! जुलै १९१६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. त्याची रक्षा एका कलशात घालून पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवली. पूर्वी जिथे त्याचा विद्यार्थी हाफकिन पुस्तके मांडून ठेवत असे, त्याच संस्थेच्या ग्रंथालयात.